राहून गेलेल्या दऱ्या

चार बायका एकत्र जमल्या की बोलण्यात एक वाक्य हमखास येतं, "तेवढं बाई राहूनच गेलं!" कुणाचं गाणं राहून गेलेलं असतं, कुणाचं एम.ए., कुणाची काशीयात्रा, तर कुणाची नुसती एक पैठणी. म्हणणारी हसत म्हणते, ऐकणाऱ्या हसत ऐकतात आणि विषय लोणच्याच्या कैऱ्यांकडे वळतो.

माझंही असं पुष्कळ राहून गेलं आहे. पण ते सांगायला गेलं की मैत्रिणी माझ्याकडे जरा विचित्रच नजरेनं बघतात. कारण माझ्या राहून गेलेल्या गोष्टी म्हणजे दऱ्या आहेत. हो, चक्क दऱ्या! आणि त्याही आपल्या सह्याद्रीतल्या नव्हेत, पार अमेरिकेतल्या वाळवंटातल्या.

२०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं आम्ही ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहत होतो. ह्यांची नोकरी तिथं होती. माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. भूगोल घेऊन बी.ए. झालेली आणि लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेली मी तिथल्या कागदोपत्री 'अवलंबित' या सदरात मोडत होते. शब्द तसा साधाच, पण दर वेळी अर्ज भरताना खुपायचा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जायचा, रस्त्यावर माणूस दिसायचं नाही, आणि मी आणि माझी लहानगी लेक थंड केलेल्या घरात दिवसभर एकमेकींची तोंडं बघत बसायचो. अशा दिवसांत मला ह्या दऱ्यांनी हात दिला.

गावाकडे फोन केला की सगळे विचारायचे, "डिस्नेलँड बघितलं का? नायगारा बघितला का?" आम्ही मात्र सुट्टी मिळाली की तंबू, शेगडी आणि दशम्यांचा डबा गाडीत टाकून उत्तरेची वाट धरायचो. चार तासांवर ग्रँड कॅन्यन. त्याच्याही पुढं गेलं की यूटा राज्यातलं झायन, ब्राइस, आर्चेस. विमानाची तिकिटं नकोत, हॉटेल नको. काटकसरीत बसणारी चैन होती ती!

ह्या सगळ्या मुलखाला कोलोरॅडो पठार म्हणतात. तिथं पाऊस अगदी बेताचा. मग एवढ्या दऱ्या कोरल्या कुणी, असं मलाही आधी वाटलं होतं. पण नदीचं पाणी दूरच्या बर्फाच्या डोंगरांतून येतं. पठार उंच उचललं गेलं, तसतशी नदी त्यात खोल खोल उतरत गेली. आपल्याकडे माती आणि झाडी खडकाला झाकून टाकतात. तिथं पांघरूणच नाही, त्यामुळे खडकाचे थर जसेच्या तसे उघडे दिसतात. साट्याची रंगीत करंजी तळल्यावर तिचे पदर कसे सुटतात, तसे! पांढुरका, गुलाबी, विटकरी, हिरवट, आणि तळाशी काळा. सगळ्यात वरचा थर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा, तर तळाचा खडक सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा. ग्रँड कॅन्यनची लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. हे आकडे आज मी वर्गात मुलांना सांगते तेव्हा ती वहीत लिहून घेतात. पण काठावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला एकही आकडा आठवला नव्हता, हे मात्र खरं.

तिथं चालायला शिकणं म्हणजे आपण शिकलेलं सगळं उलटं करणं. आपण गड चढतो तेव्हा पाय ताजे असतात आणि दमल्यावर उतार लागतो. दरीत मात्र आधी उतार, मग चढ. सकाळच्या गारव्यात माणूस गाणी म्हणत खाली उतरतं आणि भर दुपारी, पाय भरून आल्यावर, तेवढंच वर चढावं लागतं. शिवाय जसजसं खाली जावं तसतसं तापमान वाढत जातं. दर वर्षी शेकडो लोक ह्या हिशेबात चुकतात आणि रखवालदारांना त्यांच्या मदतीला धावावं लागतं. म्हणून तिथला एक साधा नियम आहे. हातात जेवढा वेळ असेल त्याचा एक भाग उतरायला आणि दोन भाग चढायला ठेवायचे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालायचंच नाही. नुसतं पाणी पीत राहायचं नाही, बरोबर खारट काहीतरी खायचं. आमच्याकडे चिवडा आणि खारे दाणे असायचे. लिंबू-मीठ-साखरेचं पाणीही मी घरूनच करून न्यायची. खेचरांचा तांडा आला तर दरीच्या बाजूला उभं राहायचं नाही, डोंगराच्या बाजूला अंग चोरून गप्प उभं राहायचं. एवढं पाळलं तर घाबरण्यासारखं काही नाही.

२०१८च्या ऑक्टोबरात माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. वय ६१. आमचं घर वाईचं. सासूबाईंचा जन्म कृष्णाकाठचा, सगळं आयुष्य कृष्णाकाठी गेलेलं. मांढरदेवीला दर वर्षी पायी जाणाऱ्या बाई त्या! ह्यांचा विचार त्यांना दरी काठावरून दाखवावी, दोन फोटो काढावेत आणि परत आणावं, असा होता. पण काठावर उभ्या राहिल्यावर सासूबाईंनी बराच वेळ इकडून तिकडं बघितलं आणि विचारलं, "हे सगळं नदीनं केलं म्हणता ना? मग नदी कुठाय?"

आता गंमत अशी आहे की दक्षिण काठावरच्या वस्तीतून नदी नीट दिसतच नाही. एवढा पसारा जिनं कोरला ती आतल्या खोल घळीत लपलेली असते. मी तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "नदी बघितल्याशिवाय दरी काय बघायची? उतरू या की."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चार वर्षांच्या लेकीला सांभाळलं आणि आम्ही दोघी सासूसुना 'ब्राइट एंजल' नावाच्या वाटेनं खाली निघालो. सासूबाईंच्या अंगावर सुती साडी, वरून ह्यांचा स्वेटर, पायात नवे बूट आणि हातात काठी. पदर खोचून अशा काही झपझप उतरायला लागल्या की मलाच म्हणावं लागलं, "अहो आई, जरा सावकाश!" सकाळी साडेसातला निघताना आमचा करार ठरला होता. साडेनऊ वाजले की जिथं असू तिथून मागं फिरायचं.

दीड मैलावर दगडी विसावा आहे, तो आम्ही मागं टाकला. पुढच्या एका वळणावर खाली दूरवर हिरव्या झाडांचा पुंजका दिसला. कॉटनवूडची झाडं ती, वाऱ्यानं पिंपळासारखी सळसळणारी. हवासुपाय लोकांचे पूर्वज तिथं शेती करत. दरीचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढं त्या लोकांना तिथून बाहेर घालवण्यात आलं. आम्ही गेलो तेव्हा त्या जागेचं नाव वेगळं होतं. २०२२मध्ये ते बदलून 'हवासुपाय गार्डन्स' केलं गेलं. त्या झाडांच्या पुढं दीड मैल चाललं की एका टोकावरून नदी दिसते.

मी घड्याळात बघितलं. साडेनऊ.

"अजून थोडं," सासूबाई म्हणाल्या. "पाय दुखत नाहीत गं माझे."

दुखत नव्हते हे मलाही दिसत होतं. आणि तिथं उतरताना ते कधीच दुखत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आई, फिरायचं." त्या काही बोलल्या नाहीत. एकदा त्या झाडांकडे बघितलं आणि वळल्या.

वर यायला आम्हाला चार तास लागले, दोनाला दुप्पट, अगदी नियमाप्रमाणे. शेवटच्या अर्ध्या मैलात त्या दर वळणावर बसत होत्या. तेव्हा परत फिरलो ते योग्यच झालं, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. तरीसुद्धा, मैत्रिणींनो, ते वळण मला अजून आठवतं. चुकल्याची हुरहूर लागते हे आपण सगळ्या जाणतो. पण बरोबर केल्याचीही हुरहूर लागते, हे मला त्या दिवशी कळलं. आपण बायका आयुष्यभर घड्याळाकडे बघून मागं फिरत असतो. मुलं शाळेतून यायची वेळ, पाण्याची वेळ, पाहुण्यांची वेळ. फिरणं बरोबरच असतं. म्हणून काही ती पुढची झाडं दिसायची थांबत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही काठाकाठानं पूर्वेला गेलो. तिथं डेझर्ट व्ह्यू नावाच्या जागी एक उंच दगडी बुरूज आहे. तो मेरी कोल्टर या बाईंनी १९३२मध्ये बांधून घेतला. दरीच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या मुक्कामाच्या जागेचा आराखडाही १९२२मध्ये त्यांनीच केला होता. ज्या काळात वास्तुशिल्पी म्हणून बाई सहसा दिसत नसे त्या काळात! बुरुजाजवळून अखेर नदी दिसली. खूप खाली, सुतळीच्या तोड्याएवढी.

"एवढीशी?" सासूबाई म्हणाल्या. ती एवढीशी नदी तीनशे फूट रुंद आहे, असं सांगितल्यावर मग गप्प झाल्या. त्या भागातल्या एका शिखराचं नाव 'विष्णू टेंपल' आहे आणि तळाच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे, हे ऐकून मात्र त्यांना फार बरं वाटलं. डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८०च्या सुमारास ही देवादिकांची नावं द्यायला सुरुवात केली. "म्हणजे ओळखीचं कुणीतरी आहे हो इथं," असं म्हणून त्यांनी तिथूनच हात जोडले.

तिथून आम्ही पेज गावाला गेलो. नावाहो लोकांच्या जमिनीवरची अँटिलोप घळ बघितली. इतकी अरुंद की काही ठिकाणी दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकतात आणि वरून उन्हाची तिरीप समईच्या ज्योतीसारखी उतरते. तिथं वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत. १९९७च्या ऑगस्टमध्ये दूर कुठं तरी पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत घुसला आणि अकरा प्रवासी गेले.

पेजलाच ग्लेन कॅन्यनचं धरण आहे. उंची ७१० फूट. १९६३मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले आणि मागची सगळी ग्लेन कॅन्यन हळूहळू पाण्याखाली गेली. जलाशय पूर्ण भरायला १९८० साल उजाडावं लागलं. जाणकार सांगतात की ग्लेन कॅन्यन ही सगळ्या दऱ्यांत सौम्य आणि देखणी होती. बाजूच्या घळींमधून नेचे होते, झरे होते, जुन्या पुएब्लो लोकांची घरं आणि कातळावरची चित्रं होती. फार थोड्या लोकांनी ती बघितली. बाकीच्यांचं बघायचं राहिलं ते राहिलंच.

सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि खडकावर शंभरेक फूट उंचीचा पांढरा पट्टा उठला होता. जड पाण्यानं बादलीला क्षाराची पुटं चढतात, तसा. मग म्हणाल्या, "आमच्या इथं पण असाच पट्टा दिसतो उन्हाळ्यात."

मला क्षणभर लक्षातच आलं नाही. मग आठवलं. सासूबाईंचं माहेर वाईच्या वर, कृष्णेच्या काठी होतं. सत्तरच्या दशकात धोमचं धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. घरच्यांना नवी जागा मिळाली, घर झालं, सगळं झालं. पण त्यांच्या तोंडून त्या जुन्या घराविषयी मी पाच वर्षांत एक अक्षर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी परक्या देशातल्या धरणाच्या कठड्याशी त्या बोलायला लागल्या. पडवी कुठं होती, वृंदावन कुठं होतं, नदीवर जायच्या पायऱ्या किती होत्या, सगळं सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी ह्यांना गाडी लीज फेरीकडे वळवायला सांगितली. उंच कड्यांच्या त्या मुलखात गाडी थेट नदीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकते अशी ती जागा. नावा इथूनच ग्रँड कॅन्यनमध्ये शिरतात. सासूबाईंनी बूट काढले, पाण्यात हात घातला आणि लगेच म्हणाल्या, "गार आहे गं फार. धरणाच्या तळचं पाणी हे." अगदी बरोबर! कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबूस. पूर्वी ती नदी तशी गढूळ, तांबडी आणि उन्हाळ्यात कोमट होती. आता धरणाच्या खोल पोटातून सोडलेलं पाणी गार आणि हिरवं असतं. माझ्या भूगोलाच्या पदवीला जे पुस्तकातून कळलं ते त्यांना हात लावून कळलं.

त्याच काठावर बसून मी त्यांना दोन बायकांची हकीकत सांगितली. १९३८मध्ये एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर ह्या वनस्पतिशास्त्रातल्या दोघी जणी नॉर्मन नेव्हिल्सच्या मोहिमेबरोबर नावेतून ह्या नदीत उतरल्या. एक मिशिगन विद्यापीठात शिकवणारी, वय ४१, आणि दुसरी तिथलीच विद्यार्थिनी, वय २४. बायकांचं तिथं काय काम, अशी टीका झालीच. सुमारे सहा आठवड्यांनी दोघी धडधाकट बाहेर आल्या. ग्रँड कॅन्यनमधून नावेनं सबंध पार झालेल्या त्या पहिल्या ज्ञात स्त्रिया. वाटेत त्यांनी झाडापाल्याचे नमुने गोळा केले आणि १९४४मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. धरण होण्याआधी काठावर काय उगवत होतं, याची ती मोलाची नोंद ठरली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि स्वयंपाक कोण करत होतं?"

"त्याच करत होत्या, आई."

ह्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की ह्यांना काही कळेना. पण मला त्यातलं आवडतं ते पुढचं. १९९४मध्ये, ८० वर्षांच्या वयात, लोइस जॉटर शास्त्रज्ञांबरोबर पुन्हा त्या नदीत उतरल्या. धरणाआधी काठ कसा होता आणि आता काय बदललं ते सांगायला.

"मी पण येईन पुढच्या खेपेला," सासूबाई म्हणाल्या. "खालपर्यंत जाऊ."

पुढची खेप काही आली नाही. फँटम रँचमध्ये राहायचं तर पंधरा महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. आमचं नाव लागलं नाही. २०२०च्या वसंतात हवासू धबधब्याला जायचं ठरलं होतं. निळ्या-हिरव्या पाण्याचे ते धबधबे हवासुपाय लोकांच्या जमिनीवर आहेत. गाडीतळापासून त्यांच्या गावापर्यंत आठ मैल चालावं लागतं आणि गावचं टपालसुद्धा खेचरावरून जातं. मार्चमध्ये कोरोना आला आणि त्यांनी आपली दारं बंद केली. काही शे माणसांचं आडबाजूचं गाव, त्यांनी केलं ते शहाणपणाचंच. दारं उघडली ती २०२३च्या फेब्रुवारीत. आम्ही २०२१मध्येच वाईला परतलो होतो. त्याच सुमारास सासूबाईंचे गुडघे बोलू लागले. आता त्या घाटावरच्या पायऱ्या एकेक करून उतरतात.

उत्तर काठ तर आम्ही बघितलाच नाही. दक्षिण काठापासून सरळ रेषेत साधारण दहा मैल. पण गाडीनं दरीला वळसा घालून जायचं तर दोनशेहून जास्त मैल! शिवाय हिवाळ्यात बर्फामुळे तो बंद. "जाऊ की, तो कुठं पळून जातोय," असं आम्ही सगळेच म्हणायचो. काठाच्या अगदी टोकाशी १९३७मध्ये पुन्हा बांधलेलं एक देखणं दगडी-लाकडी विश्रामगृह होतं. २०२५च्या जुलैमध्ये विजेमुळे लागलेला वणवा भडकला आणि ते जळून गेलं. इथं वाईत चहा पिता पिता ती बातमी वाचली आणि कप तसाच हातात राहिला.

"दरी कुठं जात नाही," असं म्हणायची पद्धत आहे. खरंच आहे ते. पण गुडघे जातात. परवानग्या जातात. व्हिसाची मुदत जाते. आणि ग्लेन कॅन्यनसारखी एखादी दरीसुद्धा जाते. गंमत म्हणजे गेलेलं कधी कधी परतही येतं. २०२३च्या सुरुवातीला दुष्काळामुळे तो जलाशय जेमतेम पाव भरलेला होता आणि साठ वर्षांपूर्वी बुडालेल्या घळी पुन्हा उघड्या पडल्या. लोक त्यांतून पायी हिंडले. पण अशा परत येण्यावर विसंबून कुणी यादी करायची नसते.

आपण गृहिणी एक गोष्ट न शिकवता जाणतो. फ्रिज उघडल्यावर जे आधी नासणार ते आधी वापरायचं. कोथिंबीर आधी, बटाटे नंतर. लोणच्याची बरणी वर्षभर थांबेल. हाच नियम मनातल्या यादीला लावून बघा, असं मी आता मैत्रिणींना सांगते. एका कागदाचे दोन रकाने करायचे. एकात थांबू शकणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात न थांबणाऱ्या. पैठणी थांबेल. एम.ए. बहुतेक थांबेल, हल्ली साठाव्या वर्षीही बायका पदवी घेतात. आईबरोबर चार दिवस कुठं जायचं असेल तर ते थांबणार नाही. तिला तिच्या गावाविषयी काही विचारायचं असेल तर तेही नाही. हे दोन रकाने केले की 'राहून गेलं' म्हणण्याची पाळी कमी येते, असं नाही. पण काय राहू द्यायचं, ते निदान आपण ठरवलेलं असतं.

आमच्या घरी हा कागद करताना मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुमच्या दुसऱ्या रकान्यात काय?" मला वाटलं होतं, नदीचं नाव घेतील. त्या म्हणाल्या, "धोमचं पाणी उतरलं की एकदा जोतं बघायचंय."

गेल्या मे महिन्यात आम्ही तिघी गेलो. त्या, मी आणि आता शाळेत जाणारी माझी लेक. गाडी शक्य तितकी खाली नेली. पुढं भेगाळलेल्या गाळावरून, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं नात, असा आधार देत त्यांना नेलं. दगडांच्या ओळी दिसत होत्या. हे जोतं आपलं की शेजारच्यांचं, यावर त्यांचं स्वतःशीच बरंच वेळ चाललं होतं. पायऱ्या मात्र सापडल्या. चार वर होत्या, बाकीच्या पाण्यात. नातीनं विचारलं, "आजी, अजून खाली जायचं?"

सासूबाईंनी उन्हाकडे बघितलं. "नको," म्हणाल्या, "वर चढायचंय अजून." मग चौथ्या पायरीवर जरा टेकल्या, पाण्यात हात घातला, आणि आम्ही मागं फिरलो.

माझी नदी राहिलीय ती राहिलीय. मी अडतीस वर्षांची आहे, आणि गुडघे अजून तरी कुरकुरत नाहीत. तेव्हा ती थांबणाऱ्या रकान्यात लिहावी की न थांबणाऱ्या, एवढाच प्रश्न आहे. सध्या मी ती दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहून ठेवली आहे.